तेल कोणाचे, किनारा कोणाचा?

खनिज तेलावाचून आजच्या जगाचा गाडा चालत नाही, ही गोष्ट प्रथमच मान्य केली पाहिजे. शेतावरचा पंप, रस्त्यावरची मोटार, कोळ्याच्या होडीचे यंत्र, या सर्वांच्या मुळाशी कोठे ना कोठे तेल आहे. त्यामुळे समुद्राच्या तळाखाली सापडलेले तेल वर काढू नका, असे कोणी म्हणू लागला की ऐकणाऱ्याला तो मनुष्य एक तर अव्यवहारी वाटतो, नाही तर ढोंगी. तथापि जगात अनेक किनाऱ्यांवर साध्या, कामधंद्याच्या माणसांनी हीच मागणी केली आहे आणि ती वर्षानुवर्षे लावून धरली आहे. ती माणसे वेडी नव्हती. त्यांचे म्हणणे नेमके काय होते आणि ते कितपत खरे ठरले, हे समजून घ्यावयाचे तर कोणत्या तरी एका किनाऱ्याची हकीकत सविस्तर पाहावी लागते. अमेरिकेतील सांता बार्बरा या शहराची हकीकत त्या दृष्टीने फार बोधप्रद आहे.

कॅलिफोर्निया राज्यात लॉस एंजेलिसच्या वायव्येस सुमारे दीडशे किलोमीटरवर हे शहर वसले आहे. पाठीशी डोंगरांची रांग, पुढे दक्षिणेकडे तोंड करून पसरलेली पुळण, आणि समोर समुद्रात क्षितिजावर दिसणारी बेटे. बेटे व किनारा यांच्या दरम्यान जी खाडीसारखी पट्टी आहे, तिला सांता बार्बरा सामुद्रधुनी असे म्हणतात. या समुद्राच्या पोटात तेल आहे, हे तेथील लोकांना आजकाल समजले असे नव्हे. तेथील मूळचे चुमाश लोक समुद्रतळातून आपोआप झिरपून काठाला लागणारे डांबर गोळा करीत आणि आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांधी त्याने बुजवीत. १८९० नंतरच्या दशकात जवळच्या समरलँड गावी लाकडी धक्के समुद्रात लांबवर नेऊन त्यांवरून तेलविहिरी खणण्यात आल्या. त्या देशातील समुद्रातल्या विहिरींचा तो प्रारंभच होय. अर्थात तेल आणि समुद्र यांचे नाते या किनाऱ्याला अपरिचित नव्हते. म्हणूनच त्याच किनाऱ्यावरून विरोधाचा आवाज उठला, याला विशेष अर्थ आहे.

१९५३ साली अमेरिकेत झालेल्या कायद्याने किनाऱ्यापासून साधारणतः तीन सागरी मैलांपर्यंतचा समुद्रतळ त्या त्या राज्याच्या ताब्यात राहिला आणि त्यापलीकडचा संघराज्य शासनाच्या ताब्यात गेला. कॅलिफोर्नियाने १९५५ मध्ये सांता बार्बरासमोरील आपल्या हद्दीतला काही भाग तेलखननापासून मुक्त ठेवला. लोकांना वाटले, आपला किनारा सुरक्षित झाला. परंतु समुद्राच्या लाटेला राज्याची हद्द कळत नाही. ६ फेब्रुवारी १९६८ रोजी संघराज्य शासनाने आपल्या वाट्याच्या समुद्रतळाचा लिलाव केला आणि एकाच दिवसात ६० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम तिजोरीत जमा केली. स्थानिक अधिकाऱ्यांनी व नागरिकांनी शंका काढल्या होत्या, पण निर्णय करण्याचा अधिकार त्यांच्याकडे नव्हता. पैसा ज्यांना मिळणार होता ते वॉशिंग्टनमध्ये होते, नफा ज्यांना होणार होता ते कंपन्यांच्या कचेऱ्यांत होते, आणि तेल सांडले तर ते ज्यांच्या दारात येणार होते ते मात्र लिलावाच्या दालनाबाहेर होते. या प्रश्नाचे सारे मर्म येथेच आहे.

पुढे काय घडले हे समजण्यासाठी समुद्रात विहीर कशी खणतात, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. समुद्रतळावर पाय रोवून उभ्या केलेल्या पोलादी फलाटावरून एक लांबच लांब गिरमिट खाली सोडतात. खालच्या खडकात तेल व वायू प्रचंड दाबाखाली कोंडलेले असतात. तो दाब एकदम उसळून वर येऊ नये म्हणून विहिरीत मुद्दाम तयार केलेला जड चिखल भरून ठेवतात. त्याच्या वजनाने खालचा दाब तोलला जातो. विहिरीच्या वरच्या भागात आजूबाजूचा खडक ठिसूळ असतो. तो फुटू नये म्हणून पोलादी नळीचे अस्तर घालून ते सिमेंटने पक्के करतात. गावाकडची विहीरसुद्धा वरच्या मातीच्या थरात बांधून काढतात, ती ढासळू नये म्हणूनच. येथे तर प्रश्न पाण्याचा नसून दाबाचा असतो.

सांता बार्बराच्या किनाऱ्यापासून सुमारे ६ मैलांवर युनियन ऑइल कंपनीचा 'ए' नावाचा फलाट उभा होता. तेथे समुद्राची खोली सुमारे १८८ फूट होती. या फलाटावरील एका विहिरीसाठी नियमाप्रमाणे समुद्रतळाखाली निदान ३०० फूट अस्तरनळी घालावयाची होती. कंपनीने सवलत मागितली आणि संघराज्याच्या भूगर्भ खात्याने ती दिली. नळी २३९ फुटांवरच थांबली. २८ जानेवारी १९६९ रोजी सकाळी विहीर ३,४७९ फूट खोल गेली असताना गिरमिटाच्या नळ्या वर ओढण्याचे काम चालू होते. नळ्या वर येऊ लागल्या तसा आतल्या चिखलाचा तोल ढळला आणि चिखल व वायू यांचा लोट फलाटावर उसळला. कामगारांनी धैर्याने काही मिनिटांतच विहिरीचे तोंड बंद केले. विहीर बंद झाली, परंतु दाब नाहीसा झाला नव्हता. वरची वाट अडली तेव्हा त्याने बाजूच्या ठिसूळ खडकातून वाट काढली. समुद्रतळ भेगाळला आणि फलाटाच्या आसपास पाणी उकळावे तसे तेलाचे व वायूचे बुडबुडे वर येऊ लागले. विहिरीला झाकण घालता येते. भेगाळलेल्या समुद्रतळाला झाकण कसले घालणार?

दहा-अकरा दिवस हा प्रवाह मुख्य जोराने चालू होता. चिखल आणि सिमेंट यांचा मारा करून ७ फेब्रुवारीच्या सुमारास तो आटोक्यात आणला गेला, पण बारीक गळती पुढेही बराच काळ होत राहिली. त्या काळात ८० हजार ते १ लाख पिंपे तेल समुद्रात गेले, असा अंदाज सामान्यतः दिला जातो. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. प्रारंभी वारा अनुकूल होता म्हणून तेल समुद्रावरच तरंगत राहिले. मग वादळ आले, वारा फिरला, आणि तो काळा थर किनाऱ्याला लागला. बंदराच्या तोंडाशी अडसर म्हणून टाकलेली तरंगती कुंपणे तुटली, आणि बंदरातल्या होड्या तेलात उभ्या राहिल्या. नेहमी पुळणीवर फुटणाऱ्या लाटांचा आवाज तेलाच्या थराखाली दबून गेला.

हे तेल काढण्यासाठी विज्ञानाच्या त्या युगात, ज्या वर्षी मनुष्य चंद्रावर उतरला त्याच वर्षी, सर्वांत उपयोगी पडला तो गवताचा पेंढा. गाड्या भरभरून पेंढा आणावयाचा, तो वाळूवर व पाण्यावर पसरावयाचा, त्याने तेल शोषले की फावड्यांनी गोळा करून न्यावयाचा, असे हे काम होते. विद्यार्थी, गृहिणी, मजूर, बंदिवान, सर्वजण त्यात राबले. तेलाने माखलेल्या पक्ष्यांना धुण्यासाठी केंद्रे उघडण्यात आली. पाणपक्ष्यांच्या पिसांत हवा धरून ठेवण्याची जी रचना असते, तिच्यामुळे त्यांचे शरीर उबदार राहते व ते पाण्यावर तरंगतात. तेल लागले की ती रचना मोडते. पक्षी गारठतो, बुडतो, किंवा चोचीने पिसे साफ करता करता तेच विष पोटात घेतो. पाणडुबी, पाणकावळे आणि इतर जातींचे मिळून साडेतीन हजारांहून अधिक पक्षी मेल्याची नोंद झाली. जे समुद्रातच बुडाले, त्यांची मोजदाद कोण करणार?

याच सुमारास कंपनीचे अध्यक्ष फ्रेड हार्टली यांनी अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे असे सांगितले की, मनुष्यहानी झालेली नसल्यामुळे या घटनेला आपण अरिष्ट म्हणू इच्छित नाही. या उद्गारांनी लोक अतिशय संतापले. पण संताप क्षणभर बाजूला ठेवून या विधानाचा विचार केला पाहिजे, कारण ते एकट्या हार्टलींचे मत नाही. पुष्कळ सज्जन माणसेही मनातल्या मनात असाच हिशेब करतात. माणूस मेला तर अरिष्ट, पाखरू मेले तर नुकसान. हा हिशेब चुकतो तो दोन ठिकाणी. एक तर किनारा म्हणजे केवळ पाखरे नव्हेत. कोळ्याची उपजीविका, लहान मुलांचे खेळणे, म्हाताऱ्यांचे संध्याकाळचे बसणे, गावाचा आहार आणि गावाचा अभिमान, हे सर्व त्या वाळूच्या पट्टीत साठवलेले असते. त्याची किंमत कोणत्याही वहीत लिहिलेली नसल्यामुळे ते फुकटचे आहे असे वाटते. दुसरे असे की, ज्या घाईने आणि ज्या सवलतींनी पाखरे मरतात, त्याच घाईने आणि त्याच सवलतींनी पुढे माणसेही मरतात. याचा पुरावा काळाने दिला आहे. त्याकडे पुढे वळू.

सांता बार्बराचे नागरिक केवळ शोक करीत बसले नाहीत. अपघातानंतर काही दिवसांतच त्यांनी 'गेट ऑइल आउट', म्हणजे 'तेल हटवा', या नावाची संघटना उभी केली. राज्याचे माजी सिनेटर आल्व्हिन वाइनगँड यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी तिच्या पुढाऱ्यांत होती. या सामुद्रधुनीतून तेलाचे काम बंद करावे, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर लाखभर सह्या गोळा झाल्या. येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घेण्याजोगी आहे. या संघटनेने केवळ कंपनीला दोष दिला नाही. मोटारी कमी चालवा, तेल कंपन्यांची उधारीची पत्रे जाळून टाका, असे तिने आपल्याच लोकांना सांगितले. म्हणजे 'तुम्हीही तेल वापरताच ना?' या प्रश्नाला त्यांनी शब्दाने नव्हे, तर आचरणाने उत्तर देण्याचा प्रयत्न केला. सर्वांना ते जमले असेल असे नाही. तरीही ज्या वस्तूचा आपण निषेध करतो तिच्यातला आपला वाटा ओळखणे, हीच प्रामाणिक चळवळीची पहिली खूण होय.

अध्यक्ष निक्सन मार्च १९६९ मध्ये स्वतः किनारा पाहून गेले. परंतु त्याच वर्षी शासनाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने जो सल्ला दिला, तो ऐकून नागरिक थक्क झाले. भेगाळलेल्या तळातून होणारी गळती थांबवावयाची असेल तर आतला दाब कमी केला पाहिजे, आणि दाब कमी करण्याचा उपाय म्हणजे आणखी विहिरी खणून तेल उपसून घेणे, असे मंडळाचे म्हणणे होते. शास्त्राच्या दृष्टीने त्यात तथ्य असेलही. पण सामान्य माणसाला त्यातून एक मोठा धडा मिळाला. समुद्रतळाला एकदा छिद्र पाडले की नंतर 'थांबा' म्हणण्याची संधी निघून जाते. काम चालू ठेवणे धोक्याचे आणि बंद करणेही धोक्याचे, अशा कोंडीत मनुष्य सापडतो. म्हणून विरोध करावयाचा तर तो आधीच केला पाहिजे. 'आधी अनुभव तर घेऊन पाहू', ही भाषा येथे चालत नाही.

या आंदोलनाचे फळ काय, असे कोणी विचारील. त्या किनाऱ्यासमोरचे फलाट लगेच हटले नाहीत. नवीनही उभे राहिले. पण कायद्याचे स्वरूप पालटले. कॅलिफोर्नियाने आपल्या हद्दीतील समुद्रात नवे खननपट्टे देणे १९६९ मध्येच थांबविले. १ जानेवारी १९७० रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण धोरणाचा कायदा झाला. कोणतेही मोठे शासकीय काम हाती घेण्यापूर्वी त्याचे निसर्गावर काय परिणाम होतील, याचा लेखी अहवाल करून तो लोकांपुढे ठेवण्याचे बंधन त्याने घातले. सिनेटर गेलॉर्ड नेल्सन हे सांता बार्बराची दुर्दशा पाहून परतले, आणि त्यांच्या कल्पनेतून २२ एप्रिल १९७० रोजी पहिला वसुंधरा दिन पाळला गेला. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी थेट मतदानाने किनारा संरक्षणासाठी स्वतंत्र आयोग स्थापन करविला. या राज्यासमोरील संघराज्याच्या समुद्रात १९८४ नंतर नवा लिलाव झाला नाही. या सर्व गोष्टी एका अपघातामुळे झाल्या असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल; परंतु त्या अपघाताने लोकांना जो निश्चय दिला, त्यावाचून त्या इतक्या लवकर झाल्या नसत्या.

आता विरुद्ध बाजूच्या आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, त्या समुद्रात तेल निसर्गतःच झिरपते. मग माणसाने थोडे सांडले तर बिघडले कोठे? वस्तुस्थिती खरी आहे. तेथील कोल ऑइल पॉइंट नावाच्या जागी दररोज सुमारे शंभर पिंपे तेल आपोआप झिरपते. पण हिशेब करून पाहावा. १९६९ मध्ये थोड्या दिवसांत जेवढे तेल सांडले, तेवढे झिरपण्यास त्या झऱ्यांना दोन ते पावणेतीन वर्षे लागली असती. छपरातून ठिबकणारे पाणी आणि घरात शिरलेला महापूर, दोन्ही पाणीच. पण ठिबकण्याची सवय असलेले घर पुरात टिकते असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप असा की, ती जुन्या काळची गोष्ट. आता यंत्रे सुधारली आहेत. यंत्रे सुधारली, हे निर्विवाद. पण यंत्रे सुधारली तशी माणसे अधिक खोल पाण्यात गेली. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात सुमारे दीड किलोमीटर खोल पाण्यात काम करणाऱ्या 'डीपवॉटर होरायझन' या तरत्या फलाटावर स्फोट झाला. ११ कामगार मृत्युमुखी पडले. विहिरीचे तोंड आपोआप बंद करण्यासाठी बसविलेले अवजड यंत्र ऐन वेळी निकामी ठरले आणि गळती ८७ दिवस चालली. अमेरिकी शासनाच्या शास्त्रज्ञांच्या अंदाजाप्रमाणे ४९ लाख पिंपे तेल समुद्रात गेले. सांता बार्बराच्या चाळीस वर्षांनंतरची, सुधारलेल्या यंत्रांची ही कथा. 'मनुष्यहानी झाली नाही' हे समाधानही या वेळी उरले नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. देशाला तेल लागते, आणि ते बाहेरून आणावयाचे तर परकीय चलन लागते. या आक्षेपाला भारतीय माणूस सहज उडवून लावू शकत नाही. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर समुद्रात १९७४ साली तेल सापडले, ते जगात तेलाच्या किमती भडकलेल्या असतानाच. 'मुंबई हाय' या क्षेत्राने त्या कठीण काळात देशाला आधार दिला, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. परंतु कृतज्ञता म्हणजे डोळे मिटून घेणे नव्हे. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईत महापुराने हाहाकार उडाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, एका जखमी मनुष्याला फलाटावर उतरविण्यासाठी जवळ आलेले जहाज लाटांच्या हेलकाव्याने मुंबई हायच्या उत्तर फलाटाच्या वायुवाहिनीवर आदळले. आग भडकली, अवघ्या दोन तासांत फलाट नष्ट झाला आणि २२ माणसे दगावली. हे कोणाच्या दुष्टपणाने घडले नाही. भर समुद्रात, पावसाळ्यात, कोंडलेल्या वायूच्या शेजारी काम करण्यात एक धोका मुळातच असतो, आणि तो पूर्णपणे टाळता येत नाही.

गोव्याच्या वाचकाला तर याची आठवण दूरच्या देशाने करून देण्याची आवश्यकता नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी नैर्ऋत्येचा वारा सुरू झाला की गोव्याच्या पुळणीवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. ते पायाला चिकटतात, रापणीच्या जाळ्याला लागतात, आणि पायाला लागलेला डाग साध्या पाण्याने जात नाही. समुद्रात कोठे तरी सांडलेले तेल ऊन, वारा व लाटा यांनी घट्ट होऊन त्याचे हे गोळे बनतात. काही जहाजांतून येतात, काही तेलक्षेत्रांतून येत असावेत, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. कोणत्या जहाजाचे, कोणत्या विहिरीचे, हे तो गोळा सांगत नाही; आणि म्हणून भरपाई कोणाकडे मागावी हेही रापणकाराला कळत नाही. तेल सांडणारा अज्ञात आणि ते पुसणारा मात्र निश्चित, अशी ही स्थिती आहे.

आपल्या संविधानाच्या २९७ व्या अनुच्छेदाने समुद्रतळाखालची संपत्ती संघराज्याच्या स्वाधीन केली आहे. ते योग्यच आहे. ती साऱ्या राष्ट्राची संपत्ती आहे. इंदूर, ग्वाल्हेर वा हैदराबाद येथील, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाचाही तिच्यात वाटा आहे. पण ज्याचा संपत्तीत वाटा आहे त्याचा जबाबदारीतही वाटा असतो. किनाऱ्यावरचा कोळी जेव्हा 'येथे विहीर नको' असे म्हणतो, तेव्हा तो राष्ट्राच्या प्रगतीच्या आड येतो असे देशाच्या आतल्या भागातील माणसाने चटकन म्हणू नये. आपल्या मोटारीसाठी दुसऱ्याच्या अंगणाची जोखीम घेण्याचा हा प्रश्न आहे, आणि ज्याचे अंगण त्याला आधी विचारावे, हा तर साध्या शेजारधर्माचा नियम झाला.

यातून काय निष्पन्न होते? जगातील प्रत्येक तेलविहीर आज बंद करा, असे सांता बार्बराची हकीकत सांगत नाही. ती तीन गोष्टी सांगते. जेथे किनारा मोलाचा आहे, मासळीची वीण होते, पोवळ्यांचे खडक वा खारफुटीची बने आहेत, तेथे नवी विहीर नकोच, असे म्हणण्याचा अधिकार लोकांना असला पाहिजे, आणि तो लिलावापूर्वी असला पाहिजे. जेथे विहिरी आहेत तेथे नियमात सवलत मागणाऱ्याला ती मिळता कामा नये. त्या एकसष्ट फुटांच्या सवलतीची किंमत कोणी भरली, हे जगाने पाहिले आहे. आणि तिसरी गोष्ट अशी की, तेलाची आपली भूक जेवढी कमी होईल तेवढीच समुद्रावरची जोखीम कमी होईल. ऊन आणि वारा यांपासून वीज मिळविण्याची साधने आज उपलब्ध आहेत. त्यामुळे 'दुसरा मार्गच नाही' हे म्हणणे १९७४ मध्ये जेवढे खरे होते, तेवढे आता राहिलेले नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य शासनाने कॅलिफोर्नियासमोरील समुद्रात पुन्हा लिलाव करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणजे पाच-साडेपाच दशकांपूर्वी ज्यांनी पेंढ्याने तेल टिपले, त्यांच्या मुलानातवंडांना तोच वाद नव्याने घालावा लागत आहे. किनारा एकदा वाचविला म्हणजे कायमचा वाचला असे होत नाही. प्रत्येक पिढीला तो पुन्हा वाचवावा लागतो. समुद्रतळाखालचे तेल कोट्यवधी वर्षे तेथेच आहे. ते आणखी काही वर्षे तेथेच राहिले तर ते नासणार नाही, आटणार नाही आणि कोणाचे काही बिघडविणारही नाही. किनाऱ्याचे तसे नाही.